फोटोवर नुसतं 'मस्त' नको, खरं मत हवं असेल तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की फोटो टाकला की सगळे 'वा', 'अप्रतिम' म्हणून पुढे जातात, आणि तुम्ही कोणाला खरं सांगितलं तर तो रुसून बसतो, तर करायचं काय. मला वाटतं दोन्हीचं मूळ एकच आहे, फोटोसोबत प्रश्नच नसतो. नुसता फोटो टाकला की लोकांना वाटतं कौतुक हवंय, आणि ते देऊन मोकळे होतात.

आमच्या इंदूरच्या ग्रुपवर एका ताईंनी सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गराडूवाल्याचा (गराडू म्हणजे तळलेला कंद) फोटो टाकला आणि खाली विचारलं, "मला त्याचे हात दाखवायचे होते, दिसतायत का?" लगेच लोक कामाचं बोलायला लागले. मी लिहिलं, ताई, माझी नजर आधी कढईच्या वरच्या एलईडीवर जाते, तो पांढराफटक पडलाय, हात नंतर दिसतात, जरा बाजूला सरकून दिवा फ्रेमच्या बाहेर ठेवला असता तर हातच आधी दिसले असते. दुसऱ्याने सांगितलं की अशा ठिकाणी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली ठेवा, कारण पूर्ण पांढरं झालेलं रॉ मध्येसुद्धा (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) परत येत नाही, अंधारातलं मात्र थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, सहन करून वर आणता येतं. ताई अजिबात रागावल्या नाहीत, कारण बोलणं त्यांच्या प्रश्नावर होतं, त्यांच्यावर नाही.

सांगतानाही तसंच करा, आधी मला काय दिसलं ते, मग काय बदलता येईल ते. इंदूरच्या राजवाड्याच्या फोटोत हे फार होतं, लोक दारासमोरच उभे राहतात, सातही मजले मावावेत म्हणून वाइड लेन्स वर करतात आणि मग इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. "वाकडा आलाय" एवढंच म्हणून काय उपयोग? सांगा की कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत वळतात, समोरच्या बागेपलीकडे जा, कॅमेरा सरळ धरा, खालचा रस्ता नंतर क्रॉप करा. आणि त्याआधी विचारा की उंची जाणवावी म्हणून मुद्दामच तसा काढलाय का, कारण तेही असू शकतं.

कोणी गेलेल्या आजोबांचा शेवटचा फोटो टाकला असेल तर तिथे लाइट-बिइटचा विषय काढू नका, प्लीज.

स्वतःला ऐकावं लागलं की "गर्दी होती हो, धक्के लागत होते" असं लगेच सांगू नका, धक्के फोटोत दिसत नाहीत. दोघा-तिघांची नजर एकाच जागी अडखळली तर ती जागा नीट बघा, प्रत्येकाने वेगळंच सांगितलं तर तुमच्या मनाप्रमाणे ठेवा. आणि शार्पनेसबद्दल विचारायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी तो दाबून लहान होतो आणि लोक उगाच फोकसला नावं ठेवतात.