साडेपाच वर्षांचा मुलगा सुई बघूनच किंचाळतो, बूस्टर कसा द्यावा?

ताई, मुलाचा पाच वर्षांचा बूस्टर आणि बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस एकाच दिवशी आलाय, मागच्या वेळी मुलाला तिघांनी दाबून धरलं होतं, आता काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी आरोग्यसेविका आहे. अंगणवाडीत दर महिन्याला हेच बघते.

आधी मुलाचा नंबर लावा. बाळाला रडताना बघितलं की तो दारातूनच परत फिरेल. त्याला आडवं पाडू नका, भीती तिथेच बसते. मांडीवर सरळ बसवून कुशीत घ्या. सुई दंडात असते, म्हणून सैल बाहीचा शर्ट घाला. टोचताना गरम चहावर मारतो तशी लांब फुंकर मारायला सांगा. दोन दिवस आधीपासून खेळ म्हणून सराव करून घ्या. फुंकर मारताना दंड सैल राहतो. ताठ दंडात जास्त दुखतं.

खोटं मात्र बोलू नका. ‘नुसतं वजन करायचंय’ म्हणून आणलेली पोरं पुढच्या वेळी गेटावरच अंग टाकतात. ‘टोचेल, थोडं दुखेल, मी धरून बसेन’ एवढं सकाळी सांगितलं तरी पुरे. (आणि वर्षभर ‘जेवला नाहीस तर सिस्टर सुई मारेल’ म्हणायचं, मग तो मला बघून रडतो म्हणून नवल करायचं, हेही थांबवा!)

बाळाला पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबावरची लस) आधी पाजतात. रोटा गोड असतो, त्याचाही थोडा उपयोग होतो. मग पदराखाली घेऊन अंगावर पाजायला लागा आणि सिस्टरना पाजतानाच टोचायला सांगा. पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत आणि आयपीव्ही (पोलिओची सुई) उजव्या दंडात, अशा तीन सुया आहेत. जास्त झोंबणारी शेवटी द्यायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये हेच सुचवलंय. कुणी संकोच करायला लावला तरी पाजणं सोडू नका.

बधिर करणारं मलम आमच्याकडे नसतं. बालरोगतज्ज्ञांकडे मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं.

टोचलेली जागा चोळू नका, अर्धा तास तिथेच थांबा. तापाचं औषध आधीच पाजून आणू नका. ताप आला तरच, वजनाप्रमाणे किती द्यायचं ते सिस्टरना विचारून द्या.

मुलगा तरी रडलाच तर रडू द्या, ‘मुलगे रडत नाहीत’ तेवढं म्हणू नका.