शिकवणी सुरू करतेयस? मग आधी गप्प बसायला शीक

प्रश्न : मी २३ वर्षांची, साताऱ्यात राहते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची विशारद परीक्षा पास झाले आहे. शेजारच्या दोन काकू ‘आमच्या मुलांना गाणं शिकवशील का’ म्हणून मागे लागल्यात. घरचे म्हणतात, आधी त्यापुढची अलंकार परीक्षा कर. काय करू?

उत्तर : शिकव. अलंकार करता करता शिकव. फक्त सकाळचा रियाज कुठल्याही क्लाससाठी मोडू नकोस, आणि आधी गुरुजींच्या कानावर घाल. उद्या शिकवताना अडलीस, की त्यांच्याकडेच धाव घ्यायची आहे.

विशारदनं तुला गायला शिकवलं, शिकवायला नाही. नव्या क्लासमध्ये हमखास दिसतं ते असं : बाईंची पट्टी, म्हणजे ‘सा’ धरायचा सूर, काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), म्हणून सगळा वर्ग काळी चारमध्ये. त्यात नुकताच आवाज फुटलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असला, की तो वर ताणतो नाहीतर खाली पुटपुटतो. महिन्याभरात ‘याला सूरच नाही’ असा शिक्का बसतो. अगं, पट्टी चुकलेली असते! पहिल्या दिवशी एकेकाला वेगळं बसवून आकारात, म्हणजे नुसतं ‘आ’ म्हणत, वर-खाली फिरव, आवाज कुठे आरामात राहतो ते बघ आणि वहीत लिही. फुटलेल्या आवाजाचं पान दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उघड.

दुसरी खोड सोबत गाण्याची. ‘सारेग, रेगम’ एकदा म्हण आणि तोंड मिटून ऐक. तू गात राहिलीस तर मूल तुझ्या आवाजाला लोंबकळतं, आणि त्याचा गंधार, म्हणजे ‘ग’, उतरलाय हे तुला कळतच नाही. पेटीचंही तेच. तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव, पेटीवरून हात काढ.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची, काकूंकडूनही. ‘घरचीच माणसं’ म्हणून एकदा सोडलीस, की नंतर मागायला जीभ रेटत नाही. मुलानं खाडा केला तर फी कमी होणार नाही, तुझा खाडा झाला तर तास भरून देशील, हे पहिल्याच दिवशी सांग. प्रारंभिकला, म्हणजे मंडळाच्या पहिल्या परीक्षेला, घाईनं बसवू नकोस. परीक्षा वर्षातून दोनदा असतात. टीव्हीवर कधी झळकेल, असं कुणी विचारलंच तर चहा पुढे कर.

कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मात्र साधारणपणे संगीतात एमए आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा लागेल, तो रस्ता वेगळा. तूर्त चार-पाच मुलं पुरेत, आणि अलंकारचा फॉर्म याच सत्रात भर.