एचआयव्हीच्या प्रथिनाचा तुकडा जोडून औषध पेशीत पोहोचवतात म्हणे. त्याने संसर्ग होणार नाही का? आणि ते खरंच पोहोचतं का?

संसर्गाची भीती मनातून काढून टाका. टॅट हे एचआयव्हीचं एक प्रथिन, आणि त्यातला वापरतात तो जेमतेम 11 अमिनो आम्लांचा तुकडा. त्यात विषाणूचं एकही जनुक नसतं. तो विषाणूपासून काढतही नाहीत, रासायनिक पद्धतीने जोडून बनवतात. आमच्या प्रयोगशाळेत तो कुपीच्या तळाशी कापसासारखा पांढरा भुगा होऊन येतो.

या 11 पैकी 6 आर्जिनिन आणि 2 लायसिन, ही दोन्ही धनभारित अमिनो आम्लं, म्हणजे 8 धनभार. पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्या ऋणभारित असतात. तुकडा त्यांना चिकटतो आणि बहुतेक वेळा पेशीच त्याला आपल्या पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. टॅट बाहेरून पेशीत शिरतं हे 1988 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं. 1999 मध्ये स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने टॅटला एक भलंमोठं एन्झाइम जोडून उंदरांच्या पोटात टोचलं आणि ते मेंदूतही दिसलं. तेव्हापासून आशा फार वाढल्या.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चमकणारा रंग लावलेलं टॅट पेशींवर टाकून त्या फॉर्मल्डिहाइडने फिक्स केल्या, म्हणजे मारून आहे त्या स्थितीत टिकवल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक झगझगीत दिसू शकतं. त्याच पेशी जिवंत असताना पाहा: केंद्रकात अंधार आणि भोवती बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे एंडोसोम, त्याच पिशव्या. फिक्स करतानाच रंग पसरतो, हे 2003 मध्ये फ्रान्समधल्या लेब्ल्यू यांच्या गटाने स्पष्ट केलं. म्हणून पृष्ठभागाला चिकटलेलं टॅट ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने धुऊन जिवंत पेशींचे फोटो घेतलेत का, हे मी कुठलाही शोधनिबंध वाचताना आधी बघते.

खरी अडचण आत जाण्यात नाही, त्या पिशवीतून सुटण्यात आहे. पिशवीत आम्लता वाढत जाते, आणि आम्लतेत पटल भेदायचं तंत्र इन्फ्लुएन्झाच्या विषाणूकडे आहे. म्हणून त्याच्या एचए2 प्रथिनाचा तुकडाही टॅटला जोडून पाहिला गेला. सुटका वाढली, पण बराचसा माल अजूनही पिशवीतच अडकतो.

माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत. पक्षाघातासाठीच्या नेरिनेटाइड या औषधात टॅटचाच तुकडा आहे. 2020 मध्ये 1105 रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. एकूण गटात फायदा दिसला नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध रक्तात प्लाझ्मिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम तयार करतं, आणि ते नेरिनेटाइडचे तुकडे करतं. अल्टेप्लेज न दिलेल्या रुग्णांना फायदा झाल्यासारखं वाटलं म्हणून फक्त तशाच रुग्णांवर पुढची चाचणी घेतली, पण तिथेही मुख्य निकष गाठता आला नाही.