१०० ग्रॅम गोल्डन सिरप म्हणजे किती मिली? त्याऐवजी काकवी घेतली तर किती घ्यायची?

तुमच्या केकच्या कृतीत १०० ग्रॅम गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी रंगाचा घट्ट पाक) लिहिलंय, घरात वजनकाटा नाही, फक्त मापाचे कप-चमचे आहेत, आणि सिरपऐवजी काकवी वापरायचा विचार आहे. १०० ग्रॅमला १०० मिली धरू का, असं तुम्ही विचारलंय.

नका धरू. १०० ग्रॅम गोल्डन सिरप जेमतेम ७० मिली भरतं. चमच्यांत सांगायचं तर साडेचार टेबलस्पून आणि वर अर्धा टीस्पून. काकवी घेणार असाल तर सपाट पाच टेबलस्पून. टेबलस्पून म्हणजे मापाच्या सेटमधला १५ मिलीचा, पोह्याचा चमचा नव्हे.

ग्रॅम आणि मिली यांचा आकडा सारखा येतो तो पाण्याच्या बाबतीत. दुधातही फरक एवढा किरकोळ असतो की कोणी लक्ष देत नाही, आणि त्यामुळेच सगळ्या पातळ पदार्थांना तोच हिशोब लावायची सवय लागते. पाकात मात्र साखर विरघळलेली असते आणि विरघळलेली साखर वजनाच्या मानाने जागा फार कमी घेते. एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवली की वजन दोन किलो होतं, पण पाक मोजलात तर सव्वासहाशे मिलीच वाढलेला दिसेल. म्हणजे नुसत्या साखरपाण्याचंही एका मिलीला १.२३ ग्रॅम वजन झालं. पाणी जितकं कमी तितका हा आकडा वर जातो. मेपल सिरप १.३३ च्या आसपास, मध, गोल्डन सिरप आणि केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज १.४ च्या थोडं वर. घट्ट पाकांसाठी मी सरसकट १.४ धरते. ग्रॅमला १.४ ने भागलं की मिली, मिलीला १.४ ने गुणलं की ग्रॅम. केकसाठी त्यापुढचे दशांश पाहण्यात काही अर्थ नाही, चमच्याला चिकटून राहतं तेच त्याहून जास्त असतं.

पडताळून बघायचं असेल तर मधाची ५०० ग्रॅमची बरणी संपली की धुऊन, जिथवर मध होता तिथवर पाणी भरा आणि ते पाणी मापाच्या कपाने मोजा. ३५० मिलीच्या जवळपास निघेल.

काकवीला असा एक ठरलेला आकडा नाही. गुऱ्हाळावर रस किती आटवून उतरवला त्यावर ते अवलंबून असतं. कोल्हापूरकडची काकवी साधारण १.३५ धरून चालते, म्हणून वर पाच टेबलस्पून म्हटलं. तुमची फारच पातळ वाटली तर अर्ध्या लिटरची बाटली काठोकाठ भरून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. बाटलीचं वजन सोडून ६५० ते ७०० ग्रॅमच्या मध्ये आली तर वरचं माप बिनधास्त वापरा. (काकवी विकत घेतानाही हे ध्यानात ठेवा. कुठे लिटरवर विकतात, कुठे किलोवर. लिटरचा भाव किलोपेक्षा जास्त दिसला म्हणून लगेच महाग म्हणू नका, लिटरभरात सव्वा किलोहून जास्त काकवी असते.)

वजन जुळलं म्हणून बदल पूर्ण झाला असं मात्र नाही. गोल्डन सिरपमध्ये पाणी १८ टक्क्यांच्या आसपास, काकवीत ३० च्या पुढे. म्हणजे १०० ग्रॅममागे केकमध्ये १२-१५ ग्रॅम पाणी जास्तीचं जाणार. कृतीतलं दूध किंवा पाणी एक टेबलस्पून कमी करा, नाहीतर केक मधोमध ओलसर राहील. रंग गडद येईल आणि चवीला किंचित खारटपणा असेल. मला तो आवडतो, पण व्हॅनिला केकमध्ये तो उठून दिसतो, आलं-दालचिनीच्या केकमध्ये छान मुरतो.

आणि सिरपच १०० मिली ओतलं असतं तर? ते १४० ग्रॅम झालं असतं, म्हणजे जवळजवळ अडीच टेबलस्पून साखर जास्त. असा केक वरून लवकर काळपट होतो, आतून चिकट राहतो आणि ओव्हनबाहेर काढल्यावर मध्ये बसतो.

मोजताना चमच्याला आतून तेलाचं बोट फिरवून घ्या, म्हणजे सिरप सगळं सुटून पडतं. घट्ट मध किंवा सिरप चमच्यावर फुगीर उभं राहतं, ते सुरीच्या पाठीने सपाट करा. लिक्विड ग्लुकोज बोटांनी उचलायचं तर हात ओला हवा, कोरड्या हाताला ते सोडत नाही. मापाचे चमचे हाताशी नसतील तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं झाकण उत्तम, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात.

पुढेमागे काटा घेतलात तर सिरप भांड्यात ओतून मोजू नका. बरणीच काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि चमच्याने काढत जा. काट्यावर उणे १०० दिसलं की थांबा. चमच्याला चिकटलेलं तेवढं बोटाने भांड्यात पुसून घ्या.

तुमची कृती कुठल्या देशातली आहे तेही एकदा बघून घ्या. गोल्डन सिरपच्या बऱ्याच कृती ऑस्ट्रेलियातल्या असतात, ॲन्झॅक बिस्किटं त्यातलीच, आणि तिथला टेबलस्पून २० मिलीचा असतो. तिथे 'दोन टेबलस्पून सिरप' लिहिलं असेल तर आपल्या सेटमधले दोन टेबलस्पून आणि दोन टीस्पून घ्यायचे. कृतीत ग्रॅम दिले असतील तर ही भानगड उरत नाही.