आठ मीटर खोदाईत पाणी येतंय, मोठा पंप लावला तर पुरेल का?

दोन बेसमेंटसाठी आठ मीटर खोदायचंय, निम्मं झालंय, दोन मीटरवर पाणी लागलंय, शेजारी जुनी इमारत आहे आणि ठेकेदार म्हणतोय "मोठा पंप लावू, शोअरिंगचं पुढे बघू". असं तुम्ही लिहिलंय. खोल खोदाईच्या कामांवर देखरेख करणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: शोअरिंगचं, म्हणजे खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून उभारायच्या आधारभिंतीचं, डिझाइन हातात येईपर्यंत खोदाई इथेच थांबवा. पाणी आणि माती यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

कोरड्या वाळूचा भिंतीवरचा दाब आठ मीटरवर साधारण पाच टन प्रति चौरस मीटर येतो. त्याच वाळूत वरपर्यंत पाणी भरलं, तर तो दहाच्या पुढे जातो, कारण पाणी आपला सगळा दाब आडवाही देतं. म्हणून डिझायनरला पहिला प्रश्न हा विचारा की भिंतीमागे पाण्याची पातळी किती धरली आहे. "पंप चालू असणार, म्हणून पाणी धरलं नाही" असं उत्तर आलं, तर वीज गेल्यावर काय होईल तेही विचारा. जनरेटर आणि राखीव पंप जोडून, चालवून बघितलेले हवेत. गोदामात पडलेला पंप राखीव म्हणून मोजू नका.

शेजारी इमारत असताना नुसत्या खड्ड्यातून उपसा करण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पाण्याबरोबर बारीक माती येते आणि ती शेजारच्या पायाखालून आलेली असू शकते. पंपाच्या पाइपच्या तोंडाशी पांढरी बादली भरा आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी गाळाचा थर बसला, तर जमिनीत कुठेतरी पोकळी तयार होतेय. हे रोज करा, वेळ टाकून वहीत लिहा. सुरुवातीला थोडा गढूळपणा असतो, तो कमी होत गेला पाहिजे. स्वच्छ येणारं पाणी अचानक गढूळ झालं, तर ताबडतोब इंजिनिअरला बोलवा.

आधारभिंत पाइल्सची (जमिनीत ओळीने उभ्या केलेल्या काँक्रीटच्या खांबांची) असेल आणि त्यांच्या फटीतून गढूळ पाणी येत असेल, तर घाईने सिमेंट थापून फट बंद करू नका. भिंत पूर्ण पाण्याच्या दाबासाठी केलेली नसेल, तर मागे दाब साठतो. आधी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) लावून वाळूची पोती रचा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. मग ग्राउटिंग, म्हणजे दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण भरणं.

वेलपॉइंट, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या बारीक जाळीदार नळ्या, वाळूत चांगले चालतात, पण ते ओढून पाणी काढतात, त्यामुळे एका टप्प्यात पाच-सहा मीटरच्या पुढे जात नाहीत. तुमच्या खोलीला भोवती फिल्टर असलेल्या खोल विहिरी आणि सबमर्सिबल पंप जास्त योग्य वाटतात. मात्र मऊ चिकणमाती असेल तर पातळी उतरवल्यानेच शेजारची जमीन खचू शकते. तिथे पाणी अडवणारी भिंत, म्हणजे सीकंट पाइल (एकमेकांत घुसलेले खांब) किंवा डायाफ्राम वॉल (जमिनीत आधीच ओतलेली सलग काँक्रीटची भिंत), खर्चिक असली तरी मी तीच सुचवेन.

सॉइल रिपोर्टमधले बोअर (माती तपासायला घेतलेली छिद्रं) खोदाईच्या तळाच्या बरेच खाली गेलेत का, तेही बघा. समजा तळाखाली तीन मीटर चिकणमाती आणि त्याखाली वाळू आहे, आणि त्या वाळूतल्या पाण्याची पातळीही तुमच्या दोन मीटरलाच आहे. म्हणजे चिकणमातीच्या बुडाला नऊ मीटर पाण्याचा, नऊ टनांचा दाब, आणि वरच्या मातीचं वजन जेमतेम सहा टन. तळ फुगणार. त्या वाळूतला दाब आधी उतरवावा लागतो. तळातून वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, तर माणसं बाहेर काढा आणि उपसा वाढवू नका. उलट खड्ड्यात पाणी चढू द्या किंवा माती परत टाका. वरून वजन आलं की उकळी थांबते.

बाकी नेहमीची शिस्त: काठाभोवती बांध आणि चर, काठावर मातीचे ढीग किंवा ट्रक नकोत, एका थराचे स्ट्रट (भिंतीला आतून टेकवलेले आडवे आधार) किंवा अँकर (भिंतीला मागच्या जमिनीत बांधणारे ताण) बसल्याशिवाय पुढचा थर खोदायचा नाही. शेजारच्या भिंतीवरच्या तड्यांचे फोटो आत्ताच, मालकासमोर काढा आणि तड्यांवर काचपट्ट्या चिकटवा. पट्टी तुटली की तडा हलतोय.

राफ्ट, म्हणजे तळाचा पायाचा जाड स्लॅब, झाला की पंप काढायची घाई होते. तुमच्याकडे पाणी दोन मीटरवर आणि राफ्टचं बूड आठवर, म्हणजे खालून सहा टन प्रति चौरस मीटर उचल. एक मीटर जाडीचा राफ्ट अडीच टनच देतो. वर किती मजले चढल्यावर उपसा थांबवायचा आणि कोणता स्लॅब झाल्यावर कोणता स्ट्रट काढायचा, हे दोन्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आत्ताच लेखी घ्या. ते हातात येईपर्यंत ठेकेदाराला पंप हलवू देऊ नका.