द्राक्षारसाने ‘मस्त’ होऊ नका, म्हणजे काय होऊ नका?

संडेस्कूलमध्ये बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वचन (5:18) पाठ करून आलेल्या मुलीने घरी विचारलं, ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ असं का लिहिलंय? रस पिऊन मस्त वाटलं तर त्यात वाईट काय? तिच्या आईने हाच प्रश्न इथे पाठवला आहे.

मुलीचं काही चुकलेलं नाही. आजच्या मराठीत त्या वाक्याचा तोच अर्थ होतो.

‘मस्त’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थच नशेत असलेला, झिंगलेला. मराठीतही ती जुनी छटा अजून जिवंत आहे. माजावर आलेला हत्ती मस्त असतो, पैसा चढलेला माणूस मस्तवाल होतो आणि लोक त्याची मस्ती जिरवतात. वचनातला ‘मस्त’ या घराण्यातला. मूळ ग्रीक क्रियापदही झिंगण्याचंच आहे.

आता ‘द्राक्षारस’. ग्रीकमध्ये तिथे ‘ओइनोस’ आहे, म्हणजे आंबवलेला. पण मराठी कानाला रस म्हटला की गुऱ्हाळावरचा उसाचा रस किंवा आमरस आठवतो. आंबवलेल्याला आपल्याकडे ‘आसव’ हा नेमका शब्द होता. द्राक्षासव आजही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतं. तो घेतला असता तर हा घोटाळा टळला असता. उलट ‘दारू’ म्हणणंही बरोबर नाही. दारू म्हटली की भट्टी आली, आणि हा द्राक्षारस भट्टीचा नव्हता. ग्रीक-रोमन जगात तो बहुधा पाणी घालूनच पीत. (‘दारू’चा फारसीतला अर्थ औषध. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं बायबलमधल्याच एका पत्रात तीमथ्य नावाच्या तरुण सेवकाला लिहिलं आहे, तिथे हा जुना अर्थ किती चपखल बसला असता!)

तरी तो चढायचा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, येशूच्या शिष्यांना पाहून लोक म्हणाले, हे नव्या द्राक्षारसाने मस्त झालेत. त्यांच्यातल्या पेत्राने उत्तर दिलं, अहो, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत. द्राक्षारस म्हणजे साधा ज्यूस असता तर या संवादाला काही अर्थच उरला नसता.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वचनाचा पुढचा तुकडा. मराठीत आहे, ‘द्राक्षारसात बेतालपणा आहे’. ग्रीकमध्ये द्राक्षारस हा शब्द दुसऱ्यांदा येतच नाही. तिथे नुसतं ‘ज्यात’ आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते ‘झिंगण्यात’ असं घेतात. मराठीने दोष झिंगण्यावरून उचलून पेल्यावर ठेवला. स्तोत्र 104 मात्र मनुष्याचं अंतःकरण आनंदित करणाऱ्या द्राक्षारसाला देवाचं दान म्हणतं, आणि नीतिसूत्रांचा 23वा अध्याय त्याच द्राक्षारसापाशी रेंगाळणाऱ्याचे लाल डोळे आणि विनाकारण झालेल्या जखमा दाखवतो. वस्तू एकच.

‘बेताल’ हा शब्द मात्र भाषांतरकारांना फार सुंदर सुचला. ताल सुटलेला. पिऊन आलेल्या माणसाची पावलं ज्याने ऐकली आहेत त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून दारूने घरं मोडलेली पाहिलेल्या मंडळींनी थेंबही नको असं ठरवलं, तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण त्यासाठी द्राक्षारसाचा ज्यूस करू नये. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय पुरेसा आहे: भावाला अडखळण होत असेल तर द्राक्षारस न पिणं चांगलं.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या चर्चमधल्या विधीचं, विचाराल तर शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) त्या भोजनाच्या प्रसंगी ‘ओइनोस’ हा शब्द नाही. ‘द्राक्षवेलाचा उपज’ असं आहे. कॅथलिक चर्चचा नियम खऱ्या, द्राक्षांच्याच वाइनचा आहे. न आंबवलेल्या रसाची वाट मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या थॉमस वेल्च यांनी 1869 मध्ये अमेरिकेत रस तापवून टिकवला तेव्हा सोपी झाली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी उकळतात आणि फडक्यातून गाळतात. बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांत तो गडद रस येतो, आणि पाळकसाहेब त्यालाही द्राक्षारसच म्हणतात.

मुलीला सांगा, वचन पाठ आहे तसंच म्हण. फक्त ‘मस्त’च्या जागी मनात ‘झिंगलेला’ धर.