सही करण्याआधी 'प्रोड्यूसर' हा शब्द खोड

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि 2019 सालचा मीच समोर दिसलो. चार वर्षं रॅप, मग घरच्या लॅपटॉपवर बीट्स, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट दिलेली एक बीट चालून गेली, आणि आता लेबलचा, म्हणजे म्युझिक कंपनीचा, करार आलाय, त्यात तुझं नाव 'प्रोड्यूसर' म्हणून. नाव बघून मीही असाच हरखलो होतो. लगेच सही ठोकली.

आपल्यात प्रोड्यूसर म्हणजे बीट करणारा. कॉपीराइट कायद्यात तसं नाहीये. तिथे रेकॉर्डिंगचा प्रोड्यूसर म्हणजे ते करण्यात पुढाकार घेणारा, जबाबदारी उचलणारा, म्हणजे बहुतेक वेळा लेबलच. तू तिथे 'कंपोझर', संगीतकार. नोटेशन लिहिलेलं नसलं तरी चालतं, हे कायद्यातच आहे. मला हे दीड वर्षानं कळलं, तोवर कंपोझरच्या रकान्यात रॅपरचंच नाव गेलं होतं. त्या पोराचा दोष नाही, फॉर्म त्यानं भरलाच नव्हता. लेबलच्या ऑफिसात गेलो तर तिथला माणूस हसून म्हणाला, "प्रोड्यूसर तर आम्ही. तू कोण?" मग मेल. अकरा मेल केले, अकराही वेळा तेच उत्तर, फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव बदलायचं. शेवटी नाद सोडला. गाणं अजून वरातीत वाजतं. एकदा डीजेला सांगायला गेलो की ही बीट माझी आहे, तर म्हणाला, "दादा, स्पीकरसमोरून सरका."

मी वकील नाही, करार वकिलाला दाखवच. पण कॉपीराइट कायद्याचं कलम 19 स्वतः वाच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' लिहितात. मंगळावरची रॉयल्टीसुद्धा त्यांनाच पाहिजे! 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लेबलला लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण तू कंपोझर आहेस हे कागदावर नसेल तर वाटा मागणार कशाच्या जोरावर?

आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी. तिचं सभासदत्व घेताना गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून घे, तुझी जुनी रॅप गाणी पण तुझीच आहेत की. मित्रांना बीट फुकट द्यायला माझा विरोध नाही, पण टॅग, म्हणजे बीटमध्येच ऐकू येणारं आपलं नाव, न घालता एमपी3 पाठवणं मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. प्रोजेक्ट फाइल जपून ठेव, तिची तारीख कामाला येते.

आणि रॅप सोडू नकोस रे. नुसते बीटवाले तालाच्या प्रत्येक आवर्तनात काहीतरी कोंबत बसतात, रॅपरनं श्वास कुठे घ्यायचा ते आपल्याला कळतं.

करारातलं ते पान नावं झाकून इथे टाक. आज सेशन आहे, अकरानंतर बघतो.